जाड पाकीट, पातळ पाकीट

"माझं पाकीट जाड आलं, बहिणीचं पातळ."

लेकीच्या शाळेतल्या जुन्या लाकडी फलकावर, सोनेरी अक्षरांतल्या स्वतःच्या नावावर बोट ठेवून शेजारच्या आजी म्हणाल्या. इलेव्हन-प्लसचा, म्हणजे इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी मुलांची निवड करणाऱ्या परीक्षेचा निकाल. जाड म्हणजे पास, पातळ म्हणजे नापास. आजी या ग्रामर स्कूलात, म्हणजे पास झालेल्यांच्या शाळेत; बहीण सेकंडरी मॉडर्नला, म्हणजे उरलेल्यांच्या शाळेत. वय वर्षं अकरा!

1965 च्या सरकारी परिपत्रकानंतर इंग्लंडमधल्या बहुतेक ठिकाणी ही चाळणी गेली. ही शाळाही कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे सगळ्यांसाठी खुली झाली, म्हणून लेकीला परीक्षेविना प्रवेश मिळाला. पण 163 ग्रामर स्कूलं अजून आहेत. लंडनजवळच्या स्लाउमधल्या माझ्या मराठी मैत्रिणी त्यांच्यासाठी नवव्या वर्षापासून मुलांना क्लास लावतात. त्यांची काळजी मला कळते.

तरी घरी येईपर्यंत एकच मनात घोळत होतं: त्या रात्री दोघी बहिणी शेजारी बसून जेवल्या असतील का?