गिरनारची वारी : पहाट गोरखशिखरावर गाठावी

गुजरातेत जुनागढजवळच्या गिरनारला येणारा मराठी दत्तभक्त बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतो, पायऱ्या किती? दत्तशिखरापर्यंत साधारण दहा हजार. पण वारी बिघडते ती निघायची वेळ चुकल्यामुळे. रात्री अकराला पहिल्या पायरीला नमस्कार करून निघालेली तरणी मंडळी चार वाजताच वर पोहोचतात आणि घामानं भिजलेल्या कपड्यांत वाऱ्यात कुडकुडत बसतात. उजाडेपर्यंत पाय आखडतात आणि खरी उतरण तर पुढेच असते.

म्हणून हिशोब सूर्योदयापासून मागे करावा. जुनागढ पश्चिमेला असल्यामुळे तिथे पुण्यापेक्षा पाव तास, थंडीत जवळपास वीस मिनिटं उशिरा उजाडतं. जानेवारीत सूर्य सातनंतर वीस-पंचवीस मिनिटांनी दिसतो, मे महिन्यात सहाच्या सुमारास. मध्यम चालीच्या माणसाला पायथ्याच्या भवनाथ तळेटीहून निम्म्या वाटेवरच्या अंबाजीच्या मंदिरापर्यंत तीन-साडेतीन तास लागतात, तिथून गोरखनाथापर्यंत, म्हणजे गोरखशिखरापर्यंत, पाऊण ते एक तास आणि पुढे दत्तशिखरापर्यंत आणखी तासभर. वाटेतले थांबे धरून थंडीत रात्री दोनला आणि उन्हाळ्यात साडेबाराला निघालं तर सूर्योदयाच्या थोडं आधी आपण गोरखशिखरावर असतो.

सूर्योदय गोरखशिखरावरूनच पाहावा, असं माझं ठाम मत आहे. दत्तशिखराच्या माथ्यावर जागा अगदी थोडी. पादुकांसमोर मोजकीच माणसं मावतात आणि रांग सतत पुढे सरकत असते, त्यामुळे तिथे टेकून बसणं म्हणजे मागच्यांची अडवणूक. गोरखनाथाहून मात्र दत्तशिखराचा सुळका पूर्वेला समोर उभा दिसतो. आधी त्याची कडा काळी ठसठशीत होते, मग मागचं आभाळ तांबूस होतं आणि सुळक्यावर चढणाऱ्यांच्या विजेऱ्या एकेक करून विझायला लागतात. उजाडल्यावर मागेही वळून बघा. हवा स्वच्छ असेल तर डोंगराची सावली जुनागढच्या अंगाला लांबवर पसरलेली दिसते. पौर्णिमेला त्याच बाजूला मावळता चंद्र असतो, पण त्या दिवशी गर्दीही तशीच.

आता वाटेबद्दल. अंबाजीपर्यंतची चढण सरळ आहे. पायऱ्यांवर ठिकठिकाणी आकडे रंगवलेले आहेत, ते मोजत बसू नये, दम लागायच्या आधी थांबावं. चार हजारांच्या आसपास जैन देरासरं, म्हणजे मंदिरं, लागतात. नेमिनाथांचं मंदिर तिथेच. पाच हजारांजवळ अंबाजी. इथून पुढे धार उघडी आहे आणि वारा अंगावर येतो. कोरडा सदरा आणि कानटोपी पिशवीत वरच ठेवावी आणि अंबाजीच्या आडोशाला कपडे बदलूनच पुढे निघावं.

दगा देतो तो गोरखनाथानंतरचा टप्पा. तिथून पायऱ्या खाली उतरतात आणि मग दत्तशिखराची उभी चढण सुरू होते. उतरताना बरं वाटतं, पण परतीला हाच उतार चढायचा असतो, तोही उन्हात. दत्तदर्शन झालं की वारी झाली असं मनात धरून सगळी ताकद तिथेच संपवणारे याच चढावर बसकण मारतात.

याच भागात कमंडलू तीर्थाचा फाटा आहे. थोड्या पायऱ्या खाली उतरलं की धुनी आणि अन्नछत्र. सोमवारी सकाळी सहाच्या सुमारास पिंपळाची लाकडं रचून धुनी प्रज्वलित होते, अग्नी आपोआप प्रकटतो अशी भक्तांची श्रद्धा आहे. रविवारच्या रात्री निघणार असाल तर सूर्योदय की धुनी हे तळेटीतच ठरवा. थंडीत दोन्ही साधायला गेलात तर मधल्या चढउतारावर धावपळ होते, आणि ओल्या पायरीवर घाई करण्यासारखा वेडेपणा नाही.

रोपवे 2020 पासून सुरू आहे, पण पहाटेच्या वारीला त्याचा उपयोग नाही. तो दिवसा चालतो, वारा जोराचा असेल तर बंद ठेवतात आणि सोडतो अंबाजीपाशी. वर उतरून ‘दत्तमहाराज कुठे?’ विचारणारे अजूनही भेटतात! निम्म्या पायऱ्या तिथून पुढे आहेत. उतरताना गुडघ्यांनी संप पुकारला तर मात्र अंबाजीहून रोपवेइतकी चांगली सोय दुसरी नाही. डोली हवी असेल तर खालीच ठरवावी, तिचे पैसे माणसाचं वजन करून ठरतात.

गिरनारचं जंगल अभयारण्य आहे, सिंह आणि बिबट्यांचं. रात्री खालच्या पायऱ्या एकट्यानं चढू नयेत, घोळक्यात राहावं, पायरी सोडून आडबाजूला जाऊ नये. डोक्याला बांधायची विजेरी घ्यावी म्हणजे हात काठीला मोकळा राहतो. काठी तळेटीत भाड्यानं मिळते. पाणी स्टीलच्या बाटलीत, सोबत गूळ-शेंगदाणे आणि मीठ-साखरेची पुडी. रात्री मुगाची खिचडी, तीही अर्धपोटी. भरल्या पोटी निघालेल्याला हजारभर पायऱ्यांतच मळमळतं.

उतरायला चार तास धरा. पश्चिमेच्या अंगाला ऊन उशिरा येतं, तेव्हा अंबाजी जितक्या लवकर मागे टाकाल तितकी जास्त उतरण सावलीत होते. गुडघ्याचे पट्टे चढताना नाही, उतरताना बांधायचे. पायरीवर तिरकं पाऊल टाकावं, मांड्या थरथरायला लागल्या की बसावं. आणि परतीची गाडी त्याच दुपारची काढू नये. दुसऱ्या दिवशीची काढा. मधल्या वेळात गावाकडे जाताना रस्त्यालगतचा अशोकाचा शिलालेख बघून होतो. त्याच खडकावर रुद्रदामन राजानं सुदर्शन तलाव दुरुस्त केल्याचा लेखही कोरलेला आहे, आणि तिथे चढायच्या पायऱ्या अगदी थोड्या आहेत.