ठमी आणि घोडे: अकरावा आठवडा

चौथ्या आठवड्याच्या पानावर वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'ठमी घोडीसमोर दोन मिनिटं शांत बसली!' त्यावर आता काट मारली आहे. बसली होती हे खरं. शांत नव्हती.

ठमी माझी कुत्री, दहा महिन्यांची, मिश्र जातीची. अंगात मेंढपाळी कुत्र्यांचं रक्त असावं असा मला दाट संशय आहे, कारण काहीही पळालं की मान खाली, नजर रोखलेली, आणि पुढच्या क्षणी बाई वाऱ्यावर! मी आठवड्यातून तीनदा रपेटीला जाते, तिला तबेल्यात सोबत नेता यावं एवढीच इच्छा. घोड्यांशी तिची मैत्री वगैरे मला नको आहे. तिनं त्यांच्याकडे बघून कंटाळावं, बास.

तर त्या दोन मिनिटांचं चित्रण फोनवर होतं, ते नंतर निवांत पाहिलं. तोंड घट्ट मिटलेलं, कान पुढे, सगळं वजन पुढच्या पायांवर, शेपूट काठीसारखं. एरवी खाऊ अलगद घेणारी ठमी त्या दिवशी बोटांना दात लावत होती, ते मला जाणवलंही होतं, पण कौतुकाच्या भरात सोडून दिलं. 'बस' म्हटलं म्हणून ती बसली होती, आतून मात्र ताणलेली स्प्रिंग. आणि मागे घोडी! तिनं चघळणं थांबवलं होतं, मान वर, दोन्ही कान आमच्याकडे. मला जे कळायला रात्र व्हावी लागली ते तिनं तिथल्या तिथे ओळखलं होतं.

पाचव्या आठवड्यात मग सगळं मोडून पुन्हा मांडलं. घोडीपासून १५ पावलांवरून थेट ४० पावलांवर. 'बस' हा शब्द बंद. गळपट्ट्याऐवजी हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) आणि १० मीटरची लांब दोरी, कारण एवढ्या लांबीच्या दोरीला कुत्रं धावत जाऊन हिसका बसला तर तो मानेवर बसता कामा नये. आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा मी इथे वापरत नाही. तो कायम थोडा ताणलेला राहतो, आणि हातातून सुटला तर त्याची मूठ खडखडत कुत्र्याच्या मागे जाते. घोड्यांच्या जवळ तो खडखडाट कल्पनेतही नको.

काम साधं. ठमीनं घोड्याकडे पाहिलं की मी 'हं' म्हणते आणि खाऊ माझ्या मागच्या गवतात टाकते. ती वळते, नाक खाली घालून शोधते, श्वास मोकळा होतो, मग स्वतःहून पुन्हा घोड्याकडे बघते. इथे क्रम महत्त्वाचा. आधी घोडा, मग खाऊ. मी सुरुवातीला घोडा दिसायच्या आतच पिशवी उघडत होते. परिणामी पिशवीचा आवाज झाला की ठमी चहूकडे घोडा शोधायला लागायची! खाऊच धोक्याची घंटा झाला होता. आता हात पिशवीत जातो तो 'हं' नंतरच.

सहाव्या आठवड्यापर्यंत २५ पावलं. उभा घोडा किंवा चालीत जाणारा असेल तर ठीक. दुडकी सुरू झाली की सगळं मुसळ केरात. घोडा हलायला लागला की मी अंतर वाढवते आणि अंतर कमी करायचं असेल तेव्हा घोडा उभाच हवा. दोन्ही अवघड गोष्टी एका दिवशी करायच्या नाहीत. एक शोध मात्र अचानक लागला. घोडा शेडच्या पलीकडे होता, दिसत नव्हता, तरी दुडकीची ती टप-टप ऐकून ठमी ताठ झाली. म्हणजे मी इतके दिवस फक्त डोळ्यांचं बघत होते आणि अर्धं प्रकरण कानांचं होतं. मग टापांचा आवाज रेकॉर्ड करून घरी तिच्या जेवणाच्या वेळी अगदी हळू लावायला लागले. फोनच्या स्पीकरमधून जमिनीची ती धमक येत नाही, त्यामुळे उपयोग अर्धवटच झाला, पण झाला.

सातवा आठवडा लिहायला नको वाटतं. नालबंद येऊन गेल्याचं मला माहीत नव्हतं. खुरांच्या कातरलेल्या कपच्या जमिनीवर पडल्या होत्या आणि कुत्र्यांना त्या म्हणजे मेजवानी. ठमीनं एक मोठी कपची उचलली. 'सोड' ऐकलं नाही. पाठलाग केला असता तर तिनं गिळलीच असती, म्हणून मी उलट दिशेला चालत जाऊन चिकनचा तुकडा दाखवला, तेव्हा कुठे सौदा झाला. कठीण कपचीनं दात तुटू शकतो, मोठा तुकडा आतड्यात अडकू शकतो.

त्याच दिवशी कळलं की घोड्यांना आदल्या दिवशी जंताची पेस्ट दिली होती. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा: त्या पेस्टमध्ये बऱ्याचदा आयव्हरमेक्टिन असतं, आणि घोड्याच्या वजनाच्या हिशेबानं. सांडलेली पेस्ट किंवा त्या दिवसांतली लीद कुत्र्यानं खाल्ली तर विषबाधा होऊ शकते. कॉली आणि तिच्या नात्यातल्या मेंढपाळी जातींमध्ये एमडीआर-१ या, काही औषधं मेंदूत शिरू न देणाऱ्या जनुकात बिघाड असलेली कुत्री बरीच असतात, त्यांना थोड्या प्रमाणातही ते भोवतं. ठमीच्या गालातला नमुना तपासायला दिलाय. निकाल येईपर्यंत तबेल्यात जाळीचं मुसकं. त्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. त्याची सवय लावण्यात आठवा आठवडा गेला.

नवव्या आठवड्यात घोड्यांची देखभाल करणारे मोतद्दार काका म्हणाले, "ताई, कुत्रीला शिकवताय ते बरंय. घोड्याला विचारलंत का?" नव्हतं विचारलं. घोडीला कुत्री आवडत नाहीत, ती कान मागे पाडून सांगत होती. तिला रजा दिली. आता सरावाला बाजी असतो, म्हातारा, कुत्र्यांच्या सोबतीत आयुष्य काढलेला. मध्ये कुंपण कायम. घोड्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं, पण शेपटीच्या बरोब्बर मागचं आणि कपाळासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. म्हणून आम्ही खांद्याच्या बाजूनं, वळसा घेत जातो. नाकासमोर सरळ चालत गेलं तर ठमीची नजरही रोखली जाते, वळशात ती आपोआप सुटते.

दहावा: एक दिवस वाया. आधी ट्रॅक्टर, मग एक सुटलेलं शिंगरू, मग बाजी. बिचाऱ्या बाजीनं काहीच केलं नाही, भुंकणं मात्र त्याच्या वाट्याला आलं. दोन दिवस सुट्टी, फक्त वास घेत निवांत फिरणं.

आणि काल. १२ पावलं. काका बाजीला खरारा करत होते. ठमी चटईवर आडवी झाली, मी काही न सांगता. पुढचे पाय सरळ ठेवून कुत्रं आडवं होतं ते उठायच्या तयारीनं. हिनं कंबर एका बाजूला टाकली आणि मोठ्ठा सुस्कारा सोडला. सहाव्या मिनिटाला बाजी जोरात फुरफुरला. तिनं डोकं उचललं, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हनुवटी पुन्हा पंजांवर. मी बघतच राहिले, खाऊ द्यायचा राहूनच गेला.

दुडकीसाठी अजून ३० पावलं लागतात, भरधाव घोड्यासाठी ५० च्या आत यायची हिंमत नाही. पुढच्या आठवड्यात घोडा तोच, कुंपण तेच, चटई दोन पावलं पुढे.