चिंगीला तुलूझला नेताना अडलेला तो एक कागद

पुण्यातून आमच्या चिंगीला फ्रान्समधल्या तुलूझला नेलं. गावठी कुत्री, तांबूस अंग, उभे कान. कातडीखालची ओळखीची चीप, लस आणि रक्ततपासणी सुरळीत पार पडली. क्रम मात्र चुकू देऊ नका: आधी पंधरा अंकी चीप, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्त. तेही युरोपीय संघाच्या यादीतल्या प्रयोगशाळेतच तपासलेलं हवं आणि प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला निदान ०.५ युनिट यायला हवं.

माझं डोकं फिरलं ते शेवटच्या कागदापायी, आणि अजूनही आठवलं की संताप होतो. सरकारी पशुवैद्याच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ते इंग्रजीत आणि ज्या देशात उतरणार तिथल्या भाषेत, असं दोन्हींत छापलेलं असावं लागतं. सही झाल्यापासून १० दिवसांच्या आत कुत्रं युरोपच्या नाक्यावर तपासलं गेलं पाहिजे, त्यामुळे प्रमाणपत्र आधीच काढून ठेवता येत नाही. तिकीट हातात, आणि टेबलापलीकडचे साहेब म्हणतात, “मॅडम, मला फ्रेंच येत नाही. जे वाचता येत नाही त्यावर सही कशी करू? नुसतं इंग्रजी घेऊन या.”

नुसतं इंग्रजी नेलं तर पॅरिसला अडवतील, हे त्यांना परोपरीने सांगितलं. “उद्या मोठ्या साहेबांना विचारतो,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब दौऱ्यावर. शेवटी तिथल्याच बाकावर बसून मी छापील प्रतीवर पेन्सिलीने ओळीओळीचा अर्थ लिहून काढला. एस्पेस म्हणजे प्राणी कोणता, रास म्हणजे जात, कुलर म्हणजे रंग, त्राँस्पाँदर म्हणजे चीप, तित्राज म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी. तो कागद पुढ्यात ठेवल्यावर साहेब एकेक रकाना बोटाने जुळवत गेले आणि मग कुठे पेन उघडलं. तेही काळं! छपाईच्या रंगाहून सही वेगळ्या रंगाची लागते, म्हणून माझं निळं पेन पुढे केलं. लागू नसलेले पर्याय त्यांनी फक्त इंग्रजीत खोडले होते, तेच फ्रेंचमध्येही खोडून घेतले.

इतका साधा तक्ता त्या कार्यालयाने भिंतीवर का लावू नये? फ्रान्सला जाणारं कुत्रं काही पहिल्यांदाच त्यांच्या दारात आलेलं नसणार. तुम्ही जाल तेव्हा अर्थ लिहिलेली प्रत घरूनच न्या, आणि निळं पेनही.

हो, एक सांगायचं राहिलं. प्रवासाआधी तीन महिने थांबावं लागतं ते रक्त घेतलं त्या तारखेपासून, निकालाच्या तारखेपासून नव्हे. त्या हिशोबानेच तिकीट काढा. आणि कुत्र्याच्या मागेपुढे ५ दिवसांच्या आत तुमचाही प्रवास व्हायला हवा, नाहीतर ते व्यापारी माल धरलं जातं.

पॅरिसला कस्टम्सच्या लाल मार्गाने गेलो. चीपवर यंत्र फिरवलं, कागद पाहिले आणि सोडलं. तुलूझच्या डॉक्टरांनी तिची चीप ई-काद या राष्ट्रीय नोंदवहीत चढवली.

इथे आल्यावर कुत्र्यापुरती फ्रेंच लगेच लागते. डॉक्टरांकडे चीपला प्यूस म्हणतात, पिसवेलाही प्यूसच. रापेल म्हणजे लसीचा पुढचा डोस, वेर्मिफ्यूज म्हणजे जंताचं औषध, आ झँ म्हणजे उपाशीपोटी, आणि एल ब्वात म्हणजे ती लंगडते आहे. फाटकावर श्यँ मेशाँ लिहिलेलं दिसलं तर आत चावरं कुत्रं आहे. लेस म्हणजे दोरी, म्यूझलियेर म्हणजे तोंडाची जाळी. मोठ्या कुत्र्याला रेल्वेत दोन्ही लागतात.

दोन शब्द मात्र पहिल्या आठवड्यातच पाठ करा. एपिये म्हणजे उन्हाळ्यात वाळणारी गवताची कुसळं. ती कानात आणि बोटांच्या बेचक्यात घुसून आतआत सरकतात, म्हणून फिरून आल्यावर पंजे उलगडून पाहायचे. आणि शनिय प्रोसेस्योनेर, म्हणजे हिवाळा सरताना पाइनच्या झाडांवरून रांगेने उतरणाऱ्या केसाळ अळ्या. कुत्र्याने तोंड लावलं तर जीभ सुजते, जिवावरही बेततं. न चोळता कोमट पाण्याने तोंड धुवा आणि तडक डॉक्टर गाठा. फोनवर हे दोन शब्द सांगितले तरी पुरतं.