गिरगावातला पाव मैल पुन्हा सुरू : ओव्हलची प्रगती

मंडळी, ओव्हल उभा राहिला. चारही लेनमध्ये करंट आहे, लॅप बिनचूक मोजले जातायत आणि परवाच्या शनिवारी चार कंट्रोलर चार वेगवेगळ्या घरांतल्या माणसांच्या हातात होते. माझ्या मते या तिन्हींत शेवटची गोष्ट सर्वांत अवघड होती, पण आधी ट्रॅकबद्दल.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या वाडीच्या हॉलमध्ये १:३२ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाएवढा, स्टॉक कारचा (नेहमीच्या गाड्यांवरून बेतलेल्या शर्यतीच्या गाड्यांचा) स्लॉट ट्रॅक आहे. गाडीखालचा गाइड रस्त्यातल्या खाचेत धरून गाडी धावते, खाचेलगतच्या पट्ट्यांतून वीज घेते आणि हातातल्या कंट्रोलरचा ट्रिगर दाबून वेग ठरतो. अमेरिकेत गावोगावी पाव मैलाचे ओव्हल असतात, त्यांच्यावरून बेतलेला. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. त्याला ३२ ने भागलं की साडेबारा मीटरचा लॅप निघतो, आणि आतून दुसरी लेन आम्ही त्याच मापाची ठेवलीय. अमेरिकेतला प्रसिद्ध मोठा ट्रॅक डेटोना करायची हौस प्रत्येकाला असते. पण अडीच मैलांचा डेटोना याच मापात सव्वाशे मीटरचा होतो. तो ठेवायचा कुठे, चौपाटीवर?

पाव मैल निवडण्यामागे आणखी एक कारण होतं. उत्तर कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलम शहरात बोमन ग्रे स्टेडियम आहे. तिथला पाव मैलाचा ट्रॅक फुटबॉलच्या मैदानाभोवती फिरतो. १९४९ पासून तिथे नॅसकार या अमेरिकी स्टॉक कार संघटनेच्या शर्यती होतायत, उन्हाळ्यात शनिवारी रात्री. म्हणजे जागा एक, बिऱ्हाडं दोन. आमच्या हॉलमध्ये कॅरम, हळदीकुंकू, रक्तदान शिबिर, बारसं आणि ओव्हल एकत्र नांदतात, तेव्हा आदर्श म्हणून हाच ट्रॅक जवळचा.

ट्रॅकची मांडणी सोपी आहे. ८ बाय ४ फुटांचे एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाचे) पाच तक्ते शेजारी शेजारी लावायचे, की २० फूट लांब आणि ८ फूट रुंद टेबल होतं. दोन्ही टोकांच्या तक्त्यांवर एकेक अख्खं वळण, मधल्या तीन तक्त्यांवर सरळ रस्ते. हॉलची दुरुस्ती निघाली तेव्हा हे पाचही तक्ते स्टेजखाली सरकवले गेले आणि मध्ये काही पावसाळे गेले. एमडीएफला पावसाळा म्हणजे काय, हे मुंबईत फर्निचर केलेल्या कुणालाही विचारा. वरचे तीन तक्ते ठीक होते. चौथ्याच्या कडा फुगल्या होत्या आणि खाच ठिकठिकाणी इतकी आवळली होती की गाडीचा गाइड आत शिरेना. जमिनीला टेकलेला पाचवा, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टर्नचा (ओव्हलच्या एका टोकाचं वळण दोन टर्न मोजतात), हाताने सोलून निघत होता.

चौथा वाचला. फुगलेला भाग काचपेपरने खाली बसवला, खाच पुन्हा राउटरने मोकळी केली आणि खाचेच्या आतल्या भिंतींना ब्रशने सँडिंग सीलर पाजला. पृष्ठभाग सगळेच रंगवतात, खाच कुणी रंगवत नाही, आणि ओल नेमकी तिथूनच शिरते. पाचवा नवीन केला. सुतारदादांनी तक्त्यावर केंद्र धरून एक खिळा ठोकला, राउटरला लाकडी पट्टी लावली, पट्टीला आठ-आठ सेंटिमीटरवर भोकं पाडली आणि एकाच खिळ्याभोवती चार अर्धवर्तुळं काढून दिली. खाच सव्वातीन मिलिमीटर रुंद, आठ खोल. काम संपल्यावर लांबून बघत म्हणाले, “दादा, कन्सील्ड वायरिंग चांगलं झालंय, पण बोर्ड कुठे बसवणार?”

लेनमधलं आठ सेंटिमीटरचं अंतर मुद्दाम ठेवलंय. खऱ्या नॅसकार गाडीची रुंदी साधारण दोन मीटर, म्हणजे आपल्या मापात सव्वासहा सेंटिमीटर. दोन गाड्यांमध्ये पावणेदोन सेंटिमीटरची फट उरते. वळणावर शेपूट सुटलं की शेजारच्याला घासणारच. लांबच लांब सर्किटवाले नाकं मुरडतील, पण छोट्या ओव्हलवर खेटाखेटी नसेल तर मग घरी बसून गाड्या पुसलेल्या बऱ्या.

बँकिंगवरून, म्हणजे वळणं आतल्या बाजूला किती कललेली ठेवायची यावरून, आमच्यात बरीच वादावादी झाली. नॅसकारच्या मार्टिन्सव्हिल या छोट्या ट्रॅकला वळणं १२ अंशांची आहेत, डेटोनाला ३१. आम्ही सपाट ठेवली. कललेल्या वळणावर नवखा माणूसही ट्रिगर पूर्ण दाबून बसू शकतो आणि पाच मिनिटांत कंटाळतो. सपाट वळणावर हात सोडावा लागतो, किती आणि कुठे ते शिकावं लागतं, आणि तेवढ्यासाठी माणूस पुढच्या आठवड्यात परत येतो.

आता वीज. खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याची चिकट पट्टी आहे. चार लेनच्या आठ पट्ट्या, चार जोड, आणि प्रत्येक जोड रस्त्याला दोनदा छेदतो. म्हणजे पट्टी ६४ ठिकाणी तुटते. पूर्वी आम्ही पट्टीवर पट्टी चढवून भागवायचो. तिथे गाडी अडखळायची आणि पट्टी उचलली जायची. आता प्रत्येक तक्त्याच्या पोटाशी घरगुती वायरिंगची दीड स्क्वेअरची वायर फिरवलीय, तिथून प्रत्येक पट्टीला झाळून वर करंट दिलाय आणि तक्त्यातक्त्यांमध्ये कनेक्टर टाकलेत. फायदा दुहेरी झाला. पातळ पट्टीला स्वतःचा रोध असतो. लॅपच्या पलीकडच्या टोकाला पूर्वी अर्धा व्होल्ट सहज गळायचा आणि बॅकस्ट्रेचला, म्हणजे पलीकडच्या सरळ रस्त्यावर, गाडी मलूल व्हायची. ते थांबलं. शिवाय प्रत्येक लेनला वेगळा १२ व्होल्टचा सप्लाय लावलाय, लॅमिंग्टन रोडवरून आणलेला. शेजारची गाडी उडाली म्हणून आपली एकदम उसळी मारत नाही.

तांबं काळवंडतं, आणि खारी हवा असल्याने जरा जास्तच. एका काकूंनी चिंच-मीठ सुचवलं. भांड्यांना ठीक आहे, पण ते पाणी खाचेत उतरलं तर पुन्हा एमडीएफची वाट. नायलॉनची घासणी हलक्या हाताने फिरवून वर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा, एवढं पुरतं.

लोहचुंबकाबद्दल बरेच जण विचारतात. दुकानी सेटमधल्या गाडीच्या पोटात चुंबक असतो, तो रुळाच्या लोखंडाला धरून गाडीला वळणावर रोखतो. आपल्या पट्ट्या तांब्याच्या, तिथे चुंबक नुसतं ओझं. तो काढा आणि गाइडच्या मागे शिसं लावा. आम्ही मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते शिसं हातोडीने चपटं करून दुहेरी टेपने चिकटवतो. ससून डॉकच्या आसपास वजनावर मिळतं. हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवा, आणि लहान मुलांकडे ते काम देऊ नका.

सगळ्यांत चिवट अडचण मात्र निघाली पांढऱ्या पावडरची. हॉलच्या दुसऱ्या टोकाला कॅरमचे तीन बोर्ड असतात आणि बोरिक पावडर सढळ हाताने पडते. ती हवेत उडते, पंख्याखाली फिरते आणि ओव्हलवर येऊन बसते. डोळ्यांना दिसतही नाही. पण आठवड्याभराने पहिली गाडी सोडली की ती पहिल्या टर्नमध्ये सरळ भिंतीवर जाते, कारण मागच्या टायरला पकडच उरलेली नसते. कॅरमवाल्या काकांकडे मी हळूच विषय काढला. ते स्ट्रायकरवरची नजर न हलवता म्हणाले, “अहो, तुमच्या टायरचं रबर आमच्या बोर्डावर येत नाही, मग आमची पावडर तुम्हाला कशी काय नडते?” यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. तोडगा त्यांनीच काढला. शनिवारी संध्याकाळी बोर्ड जिन्याखालच्या पॅसेजमध्ये न्यायचे, आणि त्या बदल्यात तिथे चांगला दिवा आम्ही लावून द्यायचा. इतर दिवशी ओव्हलवर मंडपाचं जुनं ताडपत्रीचं कापड असतं. तरीही शर्यतीआधी ओल्या फडक्याने ट्रॅक पुसायचा आणि टायर चिकटपट्टीवर दोन-तीनदा लोळवायचे. चिकटपट्टी पांढरी झाली की समजायचं, पावडर निघतेय.

लॅप मोजायला खाचेत इन्फ्रारेड सेन्सर आहे आणि वर पुलावरून त्यावर उजेड पडतो. गाडीने उजेड अडवला की एक लॅप. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की सेन्सरला गाडी दिसायची नाही, कारण उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतो. पूल रुंद केला, दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याच्या झालरी सोडल्या, आणि मिटलं. त्या पुलामुळे पुढचा विषय सुरू झाला, तो म्हणजे जाहिरात.

ट्रॅक दुरुस्त करणं हे पैसे आणि शनिवार-रविवार यांचं काम आहे. माणसं आणणं वेगळं. उत्तर कॅरोलायनातल्याच नॉर्थ विल्क्सबरोची गोष्ट घ्या. ०.६२५ मैलांचा तो ट्रॅक, १९९६ साली तिथली शेवटची कप शर्यत (नॅसकारच्या सर्वांत वरच्या मालिकेतली) झाली आणि मग गवत माजलं. २०१० च्या सुमारास थोड्या शर्यती होऊन तो पुन्हा बंद पडला. २०१९ च्या डिसेंबरात नॅसकारचा ड्रायव्हर डेल अर्नहार्ट ज्युनियर आणि मंडळींनी तिथलं रान साफ केलं, तेही खऱ्या शर्यतीसाठी नाही, तर आयरेसिंग या संगणकावरच्या शर्यतींच्या खेळाला ट्रॅक स्कॅन करता यावा म्हणून. नंतर सरकारी पैसा आला, २०२२ मध्ये आधी स्थानिक शर्यती सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये नॅसकारची मोठी ऑल-स्टार शर्यत. आपल्याकडे १ कोटी ८० लाख डॉलर कुणी देणार नाही. पण क्रम बघा: आधी स्थानिक शर्यती, मग मोठी. आमच्यातल्या काहींना उद्घाटन, पाहुणे, फ्लेक्स असं सगळं हवं होतं. मी विरोध केला. एका दिवसासाठी शंभर माणसं येतात, वडापाव खातात आणि जातात. त्यापेक्षा दर शनिवारी सात वाजता दिवे लागलेले दिसले पाहिजेत, मग समोर दोनच जण का असेनात.

सुरुवातीला दोनच होते. म्हणून वाडीच्या फळ्यावर खडूने निकाल लिहायला लागलो: कोण, किती लॅप, कुठली लेन. फळा जिन्याजवळ आहे, पाणी भरायला, दूध आणायला जाणारा प्रत्येक जण तो वाचतो. एका आजोबांनी नातवाचं नाव सलग तळाला पाहिलं आणि स्वतः खाली उतरले. आता नातवापेक्षा तेच नियमित असतात, आणि वळणात सुटतात कमी.

पैशांसाठी होर्डिंग. वीस बाय दहा फुटांचं होर्डिंग आपल्या मापात १९ बाय साडेनऊ सेंटिमीटर होतं. वाणी, सलून, खानावळ, इस्त्रीवाला, सगळ्यांना बाहेरच्या भिंतीवर जागा दिली, महिना शंभर रुपये. पूल वाण्याने घेतला, कारण फोटोत तो हमखास येतो. वाडीतल्या इंजिनिअरिंगच्या पोराने होर्डिंगांना चिमुकले लोखंडी खांबही केलेत, गंजाचा रंग मारून. गाडी आपटली की सलून पडतं आणि मार्शल पोरं (वळणावर उभी राहून उडालेल्या गाड्या परत खाचेत बसवणारी) ते पुन्हा उभं करतात. सलूनवाला दर शनिवारी विचारतो, किती वेळा पडलं.

बक्षिसाची कल्पना मार्टिन्सव्हिलची. तिथे १९६४ पासून विजेत्याला माणसाच्या उंचीचं लंबकाचं घड्याळ देतात. आमच्या कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यांनी एक जुनं गजराचं टेबलक्लॉक नीट करून दिलंय. जिंकेल त्याच्याकडे आठवडाभर, मग परत. त्याचा गजर बंद होत नाही, आणि हे घड्याळवाल्यांनी आधी सांगितलं नव्हतं. गेल्या आठवड्यातल्या विजेत्याच्या घरून ते बुधवारीच परत आलं.

आता फियाट क्लास. नवख्यांना महागड्या गाड्या परवडत नाहीत, म्हणून चेसिस एकच, मोटार एकच आणि वर काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनीची थ्रीडी प्रिंट केलेली बॉडी. मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली, आमच्या ओव्हलवर चार आहेत आणि एकमेकींना निर्दयपणे घासतात. टायर घासून गोल करायला परवानगी, बाकी कशाला हात नाही. तपासणी होणार आणि कडक होणार. नॅसकारची पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ (कंपनीतून आल्या तशाच गाड्यांची) शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लटला झाली. पहिला आला ग्लेन डनअवे, पण त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगांत फेरफार सापडला. चोरट्या दारूच्या वाहतुकीला वापरली जाणारी गाडी होती ती. विजय जिम रोपरला दिला गेला. पहिल्याच शर्यतीत पहिल्याला बाद करायची त्यांची हिंमत झाली, तर आम्ही वाडीतल्या भाच्या-पुतण्यांना कशाला सोडू?

शर्यतीची पद्धत जुनीच. बाहेरची लेन आतल्यापेक्षा लॅपमागे दीड मीटर लांब आहे, म्हणून प्रत्येकाने लाल, पांढरी, निळी, पिवळी अशा चारही लेनवर चार-चार मिनिटं चालवायचं आणि लॅपांची बेरीज करायची. नुकती शर्यत संपवलेल्यांनी वळणावर मार्शल म्हणून उभं राहायचं, मोबाइल खिशात. दोन गाड्या आडव्या झाल्या तर सगळ्या ट्रॅकची वीज बंद, तोच आपला पिवळा झेंडा, म्हणजे धोक्याची खूण.

उरलेली कामं: चौथ्या तक्त्याचा एक जोड अजून किंचित वर आहे, तिथे गाइड टकटकतो. पिट वॉल (गाड्या थांबायच्या जागेची भिंत) रंगवायचीय. गणपतीत हॉल मंडळाकडे जाईल, तेव्हा तक्ते उतरवावे लागतील. या वेळी ते स्टेजखाली जाणार नाहीत, भिंतीला उभे राहतील, खाली विटा घालून. अनंत चतुर्दशीनंतरच्या शनिवारी पुन्हा मांडू.

तोवर येणाऱ्यांनी सात वाजेपर्यंत पोचा. प्रवेश २० रुपये, गाडी नसली तरी चालेल, पद्मिनी देऊ. स्वतःचा कंट्रोलर असेल तर ४५ ओहमच्या आसपासचा आणा. आणि आत येताना पॅसेजमधल्या कॅरम बोर्डांवर हात टेकून चपला काढू नका, तेच हात मग टायरला लागतात.