साइतोंची मांजरं लाडात येत नाहीत

तोक्योत मांजरांना तोटा नाही. काउंटरवर पंजा हलवणारं मांजर, रुमालावर मांजर, बिस्किटाच्या डब्यावर मांजर. त्या गोंडसपणाचा मला मनापासून वीट आलाय. म्हणूनच जिंबोचोच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात एका दुकानात जपानी चित्रकार साइतो कियोशी यांचं छापचित्र, म्हणजे लाकडी फळी कोरून तिच्यावरून कागदावर छापलेलं चित्र, दिसलं, तेव्हा हायसं वाटलं. दोन मांजरं, एकमेकांना खेटून, समोर रोखून बघणारी. लाडात वगैरे येण्याचा प्रश्नच नाही.

जवळ जाऊन पाहिलं तर अंगावर एकही केस कोरलेला नाही. केसांसारखं जे दिसतं, त्या फळीच्या स्वतःच्या रेषा. फळीचा मऊ भाग घासून काढला की कडक रेषा वर राहतात आणि रंग तेवढाच धरतात. पाठीवरून वळत गेलेली रेषा झाडानेच दिलेली. साइतोंनी फक्त मांजर नेमक्या जागी बसवलं.

व्हिडिओ कॉलवर आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, प्रिंटच ना? मग झेरॉक्सवाल्याकडून मोठी काढून घे की!"

आत्या, ऐक. पूर्वी, म्हणजे उकियो-एच्या (जुन्या जपानी लाकडी छापचित्रांच्या) काळात, चित्रकार नुसतं चित्र काढून द्यायचा. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा आणि पैसे लावणारा प्रकाशक सगळ्यांच्या वर. 1904 साली यामामोतो कानाए यांनी एका मच्छीमाराचं चित्र स्वतःच काढलं, कोरलं आणि छापलंही. तिथून 'सोसाकु हांगा' ही चळवळ उभी राहिली: सगळं एकाच हातचं. साइतो (1907–1997) त्याच वाटेवरचे. मांजरांसाठीच नाव झालेले इनागाकी तोमोओसुद्धा. त्यांची मांजरं जास्त टोकदार, थोडी आगाऊ. मला साइतोंची आवडतात.

यात यंत्र नसतं. फळीवर ब्रशने पाण्यातला रंग लावायचा, वर ओलसर वाशी (जपानी हातकागद) ठेवायचा आणि बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या 'बारेन' नावाच्या गोल चकतीने पाठीमागून घासायचं. दुकानदारकाकांनी दुसरं एक छापचित्र उलटं करून दाखवलं. मागे रंग झिरपलेला आणि त्यात बारेनचे गोल गोल फराटे. झेरॉक्सच्या पाठीवर काय दिसतं, सांग बरं?

गंमत म्हणजे साइतोंची सही रोमन लिपीत असते, शेजारी लाल शिक्का. युद्धानंतर जपानात आलेल्या अमेरिकन लोकांनीच त्यांची चित्रं आधी उचलून धरली. 1951 मध्ये साओ पाउलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात जपानी कलाकारांपैकी बक्षिसं मिळाली ती साइतो आणि कोमाई तेत्सुरो या दोन छापचित्रकारांना. तैलचित्रवाले बडे लोक बघतच राहिले. तोवर छापचित्र म्हणजे दुय्यम काम, असंच तिथेही समजत. म्हणजे आत्या एकटी नाही.

मी ते विकत घेतलं का? नाही. किमतीची चिठ्ठी वाचली आणि काकांना नमस्कार करून निघाले.

तुम्ही इकडे येणार असाल तर फुकुशिमातल्या यानाइझु गावी साइतोंचं संग्रहालय आहे. आइझु-वाकामात्सुहून तादामी लाइनची गाडी पकडायची. चित्रं बदलत असतात, त्यामुळे मांजरं भिंतीवर असतीलच असं नाही. त्यांची बर्फातल्या आइझु भागाची चित्रंही सुंदर आहेत. मात्र परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा, त्या लाइनवर गाड्या मोजक्याच.