न म्हाताऱ्या होणाऱ्या मेंढ्या

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात मराठी माणूस बहुधा सरफोजी राजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ लेख पाहायला जातो. मीही त्यासाठीच गेलो होतो. परंतु परतल्यापासून मी वाचत राहिलो ते त्याहून जवळजवळ आठशे वर्षे जुने, विमानाच्या, म्हणजे गाभारा व त्यावरचे शिखर यांच्या, जोत्यावरचे चोळांचे तमिळ लेख.

हे मंदिर बांधणाऱ्या राजराज चोळाने कारकिर्दीच्या २६व्या वर्षी, म्हणजे इ.स. १०१० मध्ये, आज्ञा केली की आम्ही दिलेले, आमच्या थोरल्या बहिणीने दिलेले, आमच्या राण्यांनी दिलेले आणि इतर देणाऱ्यांनी दिलेले, हे सर्व श्रीविमानाच्या दगडावर कोरावे. बहीण कुंदवैचे नाव राण्यांच्या आधी येते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पण मला त्याहून मोलाचे वाटतात ते शेवटचे 'इतर', कारण त्या एका शब्दामुळे राजाची भिंत साऱ्यांची वही झाली.

दिव्यांचेच पाहा. एक दिवा अखंड तेवावा म्हणून गुराख्याकडे ९६ मेंढ्या, किंवा ४८ गायी, किंवा १६ म्हशी सोपवल्या जात आणि त्याने रोज एक उळक्कु (एक जुने माप) तूप मंदिरात पोहोचवायचे असे. चोळकालीन लेख अशा मेंढ्यांना 'सावा मूवा पेराडु' म्हणतात: न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या मेंढ्या. मेलेल्या मेंढीची जागा कळपात जन्मलेली घेते, म्हणून हिशेबातला आकडा कधी घटत नाही. या दिव्याला तमिळमध्ये 'नंदा विळक्कु' म्हणतात, आणि आपला नंदादीप जाणणाऱ्याला तो शब्द परका वाटत नाही.

हाच नियम माणसांनाही लावलेला दिसतो. तिरुवारूरसारख्या ठिकठिकाणच्या देवस्थानांतून ४०० स्त्रिया नृत्यसेवेसाठी येथे आणून वसवल्या गेल्या. प्रत्येकीचे नाव, मूळ देवस्थान, रस्ता, रांग आणि घर भिंतीवर नोंदलेले असून दरसाल १०० कलम (धान्याचे एक माप) भाताचा वाटा ठरवून दिला आहे. एखादी मरण पावली किंवा निघून गेली, तर तो वाटा तिच्या जवळच्या नातलगाकडे जावा आणि सेवा त्याने करावी. तो लायक नसेल तर त्याने लायक व्यक्ती निवडून द्यावी, अशीही तजवीज आहे. आपले गाव सोडून तंजावरला येताना या चारशे जणींना काय वाटले, एवढे मात्र त्या काटेकोर भिंतीवर कोठेही लिहिलेले नाही.