हिरवी कांडी

अक्कलकोट झालं, तुळजापूर झालं, दर्शन छान झालं, फोटो फॅमिली ग्रुपवर टाकलेत. त्याबद्दल लिहीत नाही. मला लिहायचंय सोलापुरातल्या एका भजीच्या गाडीबद्दल.

त्या दिवशी सकाळीच डोकं फिरलेलं. आम्ही उतरलेल्या हॉटेलात (नाव नको) नाश्त्याला चाळीस मिनिटं, "आलंच मॅडम" तीन वेगवेगळ्या पोरांनी सांगितलं आणि शेवटी आमचा उपमा शेजारच्या टेबलवर गेला. वर बिलासोबत फीडबॅक फॉर्म!

संध्याकाळी सिद्धेश्वर तळ्यावरून चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांकडे आलो. आईला ते बघायचेच होते. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा, चौघांची नावं तिला शाळेपासून पाठ आहेत, आणि मी इतकी वर्षं नुसती हुतात्मा एक्स्प्रेसची तिकिटं काढतेय.

तिथून थोडं पुढं ही गाडी. गर्दी बघून मी म्हटलं नको, पण आईला मिरची भजी दिसली होती. पैसे दिल्यावर गाडीवाल्या काकांनी हातात चक्क कांडी ठेवली, कापड विणायच्या मागाच्या धोट्यात असते ना सूत गुंडाळलेली, ती. आमची हिरवी. तिच्या जोडीची दुसरी हिरवी त्यांनी कढईच्या वर ताणलेल्या तारेत अडकवली. तारेवर आधी जांभळी, पिवळी, लाल. म्हणजे आमच्या पुढं तिघं. झालं! ना टोकन ना आरडाओरडा. आमच्या बाजूला एक बाई कन्नडमधून बोलत होत्या, मागं दोन पोरं तेलुगूत भांडत होती, पण रंग सगळ्यांना कळतो. कुणी "आमचं कुठंय ओ" म्हणून कढईवर वाकत नव्हतं, त्यामुळे काकांचं लक्ष तेलाकडं.

काका आधी मागावर होते म्हणे. "कांड्या घरात पडूनच होत्या, टाकू वाटंना."

मग त्यांचं लक्ष आईकडं गेलं. मी आपली प्लास्टिकचं बुटकं स्टूल ओढत होते तर म्हणाले, "त्यावर नको ओ ताई, उठताना गुडघा धरतंय." एकावर एक दोन क्रेट उलटे ठेवले, वर चादरीची घडी. "बसा की आजी, पाय लोंबकळू द्या." आईचे गुडघे दुखतात हे आम्ही कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी तिला दोन दिवस देवळांच्या पायऱ्या चढवत होते, ते जाऊ दे.

भजी गरम, शेंगा चटणी तेलकट आणि जहाल, आईच्या प्लेटला मात्र न मागता दह्याची वाटी. प्लेट टाकायचा डबाही बरोबर जिथं खाऊन संपतं तिथंच, हात धुवायचा नळ त्याच्या शेजारी. हे सगळं माणसं कशी खातात ते रोज बघितल्याशिवाय सुचत नाही.

एकच लोचा झाला. भजी घेताना कांडी परत द्यायची असते, आणि त्या गडबडीत मी ती पर्समध्ये टाकली, काकांनीही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत, कुर्डुवाडी गेल्यावर, रुमाल काढताना हातात आली. म्हणजे तिकडं तारेवरची हिरवी आता बिनजोडीची.

पुढच्या आठवड्यात कुणी सोलापूरला जाणार असेल तर प्लीज सांगा, पाकिटात घालून देते.